सामामा आणि दोन हलकी यंत्रे

सामामा माणसांना चपलांवरून ओळखायचे. रस्त्यात कोणी समोर आले की त्यांची नजर आधी पायांवर जायची, मग नाव ओठांवर यायचे आणि सगळ्यात शेवटी मान वर व्हायची. एकदा मी नव्या चपला घालून त्यांच्या अगदी जवळून गेले, तर त्यांनी मला ओळखलेच नाही. हाक मारल्यावर थबकले, माझ्या तोंडाकडे बघून ओशाळले आणि म्हणाले, "नवें घेतलीस की? आधी सांगून ठेवावें."

खाली बघत चालणारा हा उंच, सडपातळ माणूस भिडस्त असावा असे लोकांना वाटे. तसे काही नव्हते. सामामा कायम काहीतरी शोधत असत, एवढेच. लहानपणी कावेरी आटल्यावर तिच्या वाळूत खेळताना त्यांना तांब्याचे एक हिरवे पडलेले नाणे सापडले होते. त्यानंतर पन्नाशी उलटली तरी त्यांची मान काही वर झाली नाही.

त्यांचे पूर्ण नाव स्वामिनाथराव. आम्हा मुलांना एवढे मोठे नाव जमेना, म्हणून साममामा आणि पुढे सामामा झाले. तंजावूरच्या राजवाड्यामागे आमचा बोळ होता आणि त्यातल्या निम्म्या घरांत मराठी बोलत. म्हणजे आमची मराठी. "मज पाहिजे", "मी सांगितलो", "कोठे गेला होतां", आणि प्रत्येक दोन वाक्यांनंतर एक तमिळ "सरि", म्हणजे ठीक आहे. ती पुण्यात चालत नाही हे मला नोकरीनिमित्त इथे आल्यावर कळले. देवनागरी तर मी इथेच शिकले. सामामांना ती वाचता येत नव्हती. हे मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे, ते त्यांना वाचूनच दाखवावे लागले असते.

दक्षिण वीथीवर भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. कॉलेज संपल्यावर मी तिथे जाऊ लागले. त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. पहिला महिना संपला की ते विद्यार्थ्याच्या दोन्ही हातांवर, यंत्राच्या कळांसकट, एक पंचा पसरायचे. खाली बघायची सोयच नाही. मी चुकले आणि पंचा वर करून बघायला गेले की ते मागून म्हणत, "हातास ठाऊक आहे. तूं मध्ये पडूं नको." आणि खरोखर, एका दिवशी हाताला ठाऊक झाले. त्या जोरावर मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. तंजावूरच्या कितीतरी कचेऱ्यांत त्यांचे विद्यार्थी बसलेले असत आणि ते दिसले की सामामा त्यांच्या चपलांना ओळख देत.

उन्हाळ्यात मेट्टूरच्या धरणातून पाणी सोडणे बंद होते. मग आमच्या नद्या म्हणजे नुसती पांढरी वाळू. त्या दिवसांत सामामा संध्याकाळी इन्स्टिट्यूट लवकर बंद करून सायकलवरून गावाबाहेर वेण्णार नदीच्या पात्रात जात, नाहीतर सुटीच्या दिवशी बसने तिरुवैयारूला कावेरीच्या पात्रात. शेकडो वर्षे लोक नदी ओलांडताना, न्हाताना तिच्यात कासू टाकत आले. कासू म्हणजे जुने तांब्याचे नाणे. पाण्याने वाळू हलली की त्यातले एखादे वर येते. सामामांना अशी बरीच मिळाली होती. काहींवर बसलेला मनुष्य, काहींवर बैल, काही इतकी झिजलेली की नुसती चकती. देवळाच्या किंवा राजवाड्याच्या आवारात ते कधी बोटभरही माती उकरत नसत, आणि काही वेगळे वाटले तर संग्रहालयात नेऊन दाखवत. तिथले अधिकारी हसून परत देत. त्याचे ना मोल ना नाव. पण घरी आल्यावर सामामा ते चिंचेच्या पाण्यात ठेवून त्याच्याशेजारी बसत. कोमळामामी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की आमच्या घरी चिंच सांबारापेक्षा नाण्यांना जास्त लागते.

मूलबाळ नव्हते. मामी बुटक्या, बारीक, गप्प. नदीत त्या कधी गेल्या नाहीत. वाळूत काय बघायचे, असे त्यांना वाटे.

मग कॉम्प्युटर आले. दक्षिण वीथीवरच, समोरच्या माडीवर, काचेचे दार आणि थंड हवा असलेले एक कॉम्प्युटर सेंटर निघाले आणि सामामांच्या यंत्रांवरची मुले एकेक करून तिकडे गेली. त्यांनी कुणाला अडवले नाही. उलट मुलांना सांगत, तिथेही कळा याच क्रमाने असतात, पंचा टाकून शिकलात ते वाया जाणार नाही. पुष्कळदा मी कचेरीतून येताना माडीवर डोकावे, तर झाकण घातलेल्या यंत्रांच्या रांगेत ते एकटे बसलेले असत. याच काळात कलियपेरुमाळ सिंगापूरहून सुटीवर आला.

कलियपेरुमाळ हा त्यांचा जुना विद्यार्थी. जवळच्या एका खेड्यातला. तिकडे विजेच्या वस्तूंच्या एका दुकानात तो नोकरीला होता. सर वाळूत नाणी शोधतात हे त्याला ठाऊक होते. बाहेरून वस्तू आणणे तोवर बरेच सोपे झाले होते, तेव्हा त्याने सरांसाठी जमिनीतला धातू शोधणारे यंत्र आणायचे ठरवले आणि कोणते आणावे ते न कळल्यामुळे दोन आणली. दोन्ही छंदासाठी म्हणून बनवलेली, हातात धरून तासन्‌तास फिरता यावे अशी हलकी. सरांनी दोन्ही वापरून बघावीत, आवडेल ते ठेवावे, सुटी संपेल तेव्हा दुसरे मी परत नेतो, असे त्याने सांगितले.

त्या संध्याकाळी सामामांनी दोन्ही यंत्रे घरातल्या झोपाळ्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसले. मला बोलावून घेतले होते. एक काळे होते, एक पिवळे. दोन्हींची ठेवण सारखीच. एक लांब दांडी, तिच्या खालच्या टोकाला ताटलीसारखी चकती, वर मूठ आणि कोपर टेकायला खोबण. चकती जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की आवाज. कानाला लावायचे हेडफोनही होते. काळ्याची आवाज करणारी पेटी मुठीच्या पुढे बसवलेली होती, त्याला एकच बटण आणि एकच आवाज. पिवळ्याच्या बॅटऱ्या कोपराच्या मागे होत्या, त्याला दोन-तीन बटणे आणि दोन आवाज होते. लोखंडावर तो तुटक, घोगरा खरखरे, तांब्यावर लांब आणि स्वच्छ वाजे. सामामांनी मामींचा तांब्या आणि विळी पाळीपाळीने खाली ठेवून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

"डोळ्यास दिसायच्या आधीं कानास कळेल, मीनू," ते मला म्हणाले. "कासू अजून वाळूखालीं आहे, आणि आपणांस ठाऊक आहे. एक वेळ तरी तसें मिळावें."

त्यांचे एवढेच मागणे होते. आजवर त्यांना मिळाले ते सगळे वर पडलेले, कोणाच्याही नजरेला पडले असते असे.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या कीळवासल भागातल्या एका तांदळाच्या दुकानात जाऊन त्यांनी दोन्ही यंत्रे तोलली. मी कचेरीतून तिथेच गेले होते, कारण पुढे माझ्या मोपेडवरून वेण्णारला जायचे होते. पोती तोलायचा मोठा लोखंडी तराजू होता. एका बाजूला काळे टांगले, दुसऱ्या बाजूला पिवळे. पिवळ्याची बाजू जराशी खाली गेली. दुकानदाराने गंमत म्हणून काळ्याच्या पारड्यात मूठभर तांदूळ टाकले, तेव्हा दांडी सरळ झाली. फरक एवढाच, मूठभर तांदळाचा. "मग काळें," सामामा म्हणाले.

पहिले काही दिवस काळ्याचे कौतुक झाले. ते मोपेडवर माझ्या मागे बसत, यंत्र मांडीवर आडवे. पात्रात उतरले की हेडफोन लावून, पावले मोजल्यासारखी टाकत, चकती डावी-उजवी फिरवत जात. मी वाळूत बसून त्यांना बघत असे. आमच्या नदीच्या वाळूत काळे लोखंडी कण असतात, त्यांच्यावरही काळे यंत्र ओरडायचे. सामामा वाकून उकरत आणि हाती काही येत नसे. सोड्याच्या बाटल्यांची झाकणे निघाली, खिळे निघाले, एकदा कोणा न्हाणाऱ्याच्या खिशातून पडलेले नवेकोरे पंचवीस पैसे निघाले. ते त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "हें सरकारचें. तूं सरकारची नोकर. जमा कर."

आठवडाभराने त्यांचे मत फिरले. काळ्याचा सगळा भार पुढे येतो, मनगट भरून येते, पिवळे बरे, ते कोपरावर तोलून राहते. मग पिवळे घेऊन जाऊ लागलो. त्यावरचे एक बटण फिरवले की वाळूतल्या कणांची कटकट थांबायची, हाही गुण होता. सामामा खूश दिसले. पण थोड्याच दिवसांनी पिवळेही जड वाटू लागले. पुन्हा काळे. मग पुन्हा पिवळे. लग्नाआधी मला एकदाच पाहून हो म्हणाले आणि दोन यंत्रांतले एक यांना ठरवता येत नाही, असे मामी म्हणाल्या आणि आम्ही तिघेही हसलो. त्या हसण्याची मला पुढे फार आठवण आली.

कलियपेरुमाळची सुटी संपत आली होती. एका संध्याकाळी पात्रात उतरल्यावर सामामांनी पिवळे यंत्र उचलले, थोडे चालले आणि खाली ठेवले. त्यांचे म्हणणे पडले की दांडीच्या पोकळीत वाळू शिरली आहे, म्हणून ते जड झाले आहे. आम्ही दांडी सोडवून, उलटी करून झटकली. चिमूटभरही निघाली नाही. "तरी तोलून पाहूं," ते म्हणाले, आणि आम्ही तसेच माघारी फिरून, वाटेत घरून काळे घेऊन, कीळवासलला गेलो.

दुकानदाराने पुन्हा दोन्ही यंत्रे टांगली. काळ्याच्या पारड्यात पुन्हा मूठभर तांदूळ टाकले. दांडी सरळ झाली. सामामांनी एकदा आणखी तोलायला लावले. पुन्हा तेच.

दुकानदार पारड्यातले तांदूळ पोत्यात परत टाकू लागला, तेव्हा सामामांनी उजवा हात पुढे केला. त्याने ते त्यांच्या तळव्यावर ओतले. सामामांनी मूठ वळली. ती नीट मिटेना. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अर्ध्यावरच राहिले आणि त्यांच्यामधून तांदूळ खाली सांडू लागले. आम्ही तिघेही ते बघत उभे होतो. दुकानदाराला काही कळले नाही, तो म्हणाला राहू द्या, झाडून घेऊ. अंगठ्याच्या मुळाशी जिथे सगळ्यांचा हात फुगीर असतो, तिथे सामामांच्या हाताला खळगा पडला होता. इतके दिवस त्यांच्यासोबत हिंडूनही तो मी कधी पाहिला नव्हता.

"तराजूचें बरोबर आहे," ते मला म्हणाले. "हाताचें चुकलें."

घरी गेल्यावर मामींना सांगावे की नाही असा प्रश्न पडायचे कारण नव्हते. मामींना ठाऊक होते. सकाळी सदऱ्याची गुंडी लावताना ते पाठमोरे होतात, कॉफीचा पेला डाव्या हाताने धरतात, विहिरीचा दोर ओढताना थांबतात, हे सगळे त्या पोंगलपासून, म्हणजे संक्रांतीपासून, बघत होत्या. वयाचे असेल म्हणून बोलल्या नव्हत्या.

तंजावूरच्या डॉक्टरांनी मद्रासला पाठवले. मी रजा काढून बरोबर गेले. तिथल्या मोठ्या इस्पितळात सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासण्या झाल्या. डॉक्टर वयस्क होते आणि त्यांनी घाई केली नाही. तमिळमध्ये, साध्या शब्दांत त्यांनी सांगितले की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हा हात, मग तो, मग पाय, मान, जीभ, गिळणे, आणि शेवटी श्वास. बुद्धी शाबूत राहील, स्पर्श कळेल, कान-डोळे चांगले राहतील. औषध नाही. मामींनी विचारले की कुठेच नाही का, परदेशात तरी. डॉक्टर म्हणाले, कुठेच नाही.

सामामा ऐकत होते. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "डावा हात किती दिवस राहील?"

डॉक्टरांना तो प्रश्न चमत्कारिक वाटला असावा. सांगता येत नाही, म्हणाले.

तो प्रश्न का विचारला ते मला रात्रीच्या गाडीत कळले. पिवळ्या यंत्राची खोबण फिरवून ते डाव्या हाताला लावता येते का, याचा सामामा विचार करत होते. पुढे काही दिवस त्यांनी तसे करून पाहिलेही. डावा हात शिकलेला नव्हता, चकती वेडीवाकडी जमिनीवर आपटायची. टायपिंगला दोन्ही हात सारखे लागत, म्हणाले, पण डाव्याने इतकी वर्षे यंत्राची ओळ सरकवायचे काम केले, त्याला मोठे काम कधी दिलेच नाही.

जायच्या आदल्या दिवशी कलियपेरुमाळ आला. त्याला मीच बोळाच्या तोंडाशी गाठून सगळे सांगितले होते. तो येऊन उंबऱ्याशीच बसला, आत येईना. सामामांनी त्याच्या घरच्यांची विचारपूस केली आणि मग दोन्ही यंत्रे घेऊन जा म्हणून सांगितले. तो रडू लागला. निदान एक तरी ठेवा सर, भिंतीला टांगून ठेवा, असे म्हणत राहिला. सामामा मान हलवत होते. न वापरायची वस्तू ठेवून काय करायचे, हा त्यांचा जुना हट्ट.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "ह्या दोहोंत मज कोणतें झेपेल, तें सांगा."

सामामांना आधी कळलेच नाही. मामींनी पदर खोचला होता. "मी धरतें," त्या म्हणाल्या. "ऐकायाचें तुम्ही ऐका."

ज्या बाईने जन्मात नदीच्या वाळूत पाय ठेवला नव्हता, ती झोपाळ्याजवळ गेली आणि काळे यंत्र उचलून उभी राहिली.  सामामा उठले. इतके दिवस स्वतःसाठी जे त्यांना ठरवता आले नव्हते, ते मामींसाठी त्यांनी एका संध्याकाळी ठरवले. मामींना अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवले. काळे घेऊन, मग पिवळे घेऊन, मग पुन्हा काळे. ते यंत्राकडे पाहतच नव्हते, मामींच्या मनगटाकडे आणि खांद्याकडे पाहत होते. दांडी मामींच्या उंचीला लांब पडत होती, ती कलियपेरुमाळकडून आखूड करून घेतली. काळे हलके होते, मामी तेच मागत होत्या. सामामा नाही म्हणाले. "काळें तोलून हलकें. धरून जड. पहिल्या दिवशीं कळत नाहीं, चौथ्या दिवशीं कळतें. मज कळलें आहे." पिवळे ठेवले. काळे कलियपेरुमाळ घेऊन गेला.

हेडफोनची वायर आखूड होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तिला लांब वायर जोडून घेतली. त्या वर्षी नदीत पाणी यायला थोडेच दिवस उरले होते, तेवढ्यात आम्ही जमेल तेव्हा गेलो. आता मोपेड चालणार नव्हती, रिक्षा करून जायचो. सामामा वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर हेडफोन लावून बसत. मामी वायरीच्या टप्प्यात, त्यांच्याभोवती अर्धगोल फिरत. आधी त्यांना चकती खूप वर धरायची खोड होती. सामामा सांगत, "भुईस लावूं नको, भुईपासून दूरही धरूं नको. भाताच्या हंडीवर हात धरून ऊन पाहतेस, तेवढेंच." ते मात्र त्यांना लगेच जमले. मी खुरपे घेऊन उकरायला. झाकणे निघाली, मासेमारीच्या जाळ्याचे शिसे निघाले, एक पैंजणाचा घुंगरू निघाला. कासू नाही. एका संध्याकाळी वरच्या अंगाने पाणी सुटल्याची बातमी आली आणि आम्ही खुर्ची उचलून घरी आलो.

पुढची आठ-नऊ महिन्यांची हकिगत सांगण्यासारखी नाही. डावा हात गेला. इन्स्टिट्यूटची माडी सोडली, टायपिंगची यंत्रे भंगारवाल्याने नेली. ती जाताना सामामांना दिसू नयेत म्हणून मामींनी त्यांना देवळात नेले, तर वाटेत हातगाडीच आडवी आली. दिवाळीपर्यंत त्यांचे शब्द जाड झाले. मान छातीवर पडू लागली. सगळा जन्म खाली बघत चालले आणि आता वर बघायचे म्हटले तरी मामींना हनुवटी धरून उचलावी लागे. लोक भेटायला येत आणि धीराचे बोलत. सामामांना ते आवडत नसे. माझे वडील एकदा म्हणाले की देव काहीतरी वाट काढील, तेव्हा सामामांनी एकेक शब्द जुळवत उत्तर दिले, "वाट संपली आहे, अण्णा. चालणें मात्र बाकी आहे." ते रागाने म्हणाले नव्हते. कोणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसे म्हणाले.

मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, नदी पुन्हा आटली. मामींनी मला निरोप पाठवला की उद्या जायचे. मला ते बरे वाटत नव्हते, पण सामामांना जायचे आहे हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होते. रिक्षावाल्याने आणि मी त्यांना उचलून पात्रात नेले, खुर्चीला पंच्याने बांधून बसवले, मानेखाली उशी दिली. मामींनी त्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि यंत्र हातात घेतले. आता त्यांना कोणी काही शिकवायला लागत नव्हते. ऊन उतरले होते. त्या संथपणे चकती फिरवत होत्या आणि सामामांनी डोळे मिटले होते.

काही वेळाने त्यांनी घशातून हुंकार दिला. ती आमची ठरलेली खूण होती, कानात कसलाही आवाज आला की द्यायची. मामी थांबल्या, चकती त्याच जागेवर मागे-पुढे केली. पुन्हा हुंकार. मामींनी खुरपे माझ्या हातातून घेतले आणि स्वतः गुडघे टेकून उकरू लागल्या. मी शेजारी वाकले. वीतभर खोलीवर त्यांची बोटे कशाला तरी लागली. वाळू झटकून त्यांनी ते तळव्यावर घेतले. बैलगाडीच्या चाकाचा गंजलेला, डोके पसरट झालेला खिळा होता.

मामींनी मूठ मिटली.  मग उठून खुर्चीजवळ गेल्या, सामामांच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि म्हणाल्या, "कासू आहे. बसलेला मनुष्य दिसतो. फार जुनें."

सामामांनी डोळे उघडले. मान वळवता येत नव्हती, ते समोरच्या वाळूकडेच बघत राहिले. तोंडाचा एक कोपरा हलला. मामींनी खिळा पदरात बांधला आणि घरी गेल्यावर चिंचेच्या पाण्यात टाकते, मग दाखवते असे सांगितले. नंतर त्या रिक्षावाल्याला हाक मारायला काठावर चढल्या.

मी सामामांची उशी सारखी करत होते. त्यांना काही बोलायचे होते. मी कान जवळ नेला. एकेक शब्दाला त्यांना फार वेळ लागला.

"लोखंड होतें," ते म्हणाले. "तीस सांगूं नको."

त्यानंतर ते नदीवर गेले नाहीत. मामींनी नाणे दाखवले नाही आणि त्यांनी मागितले नाही. आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, नद्या तुडुंब भरून वाहत असताना, दुपारी मामी भरवत होत्या तेव्हा त्यांचा श्वास अडकला आणि पुन्हा आला नाही.

तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी मामींजवळ बसले होते. यंत्र कलियपेरुमाळला परत द्यायचे त्यांनी ठरवले होते, ते कापडात गुंडाळून दाराशी ठेवले होते. मामी त्याकडे बघत होत्या.

"मीनू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशीं तें त्यांस कासूच वाटलें की?"

मी म्हटले, "होय मामी. कासूच."

त्यांनी उठून यंत्रावरचे कापड सारखे केले. मग म्हणाल्या, "बरें. एवढें तरी झालें," आणि संध्याकाळचा भात टाकायला आत गेल्या. कितीजणांचा टाकावा हे त्यांना अजून उमगत नव्हते.